बारावीनंतर अभियांत्रिकी प्रवेश : पहिल्यांदाच कॅप फेऱ्यांना सामोऱ्या जाणाऱ्या घरासाठी

आमच्या मुलीचा अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचा प्रवेश २०२५-२६ मध्ये राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सगळे ज्याला ‘कॅप’ म्हणतात त्यातून झाला. माझ्या माहेरी किंवा सासरी यापूर्वी कोणीच या वाटेने गेलेले नव्हते. ज्यांना विचारावे ते प्रत्येक जण निराळे सांगत आणि माहिती पुस्तिकेतील भाषा पहिल्या वाचनात डोक्यावरून जाई. ज्या घरातील मूल आज अकरावी-बारावीत आहे, त्या घरासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

ही प्रक्रिया बारावीच्या निकालानंतर सुरू होते असा आमचा समज होता. प्रत्यक्षात तिचा अर्धा भाग, म्हणजे दाखले आणि प्रमाणपत्रे, निकालाच्या किमान वर्षभर आधी सुरू करावा लागतो. उरलेला अर्धा भाग ऑप्शन फॉर्ममधील, म्हणजे हव्या असलेल्या कॉलेजांच्या आणि शाखांच्या यादीतील, क्रम ठरवण्याचा आहे. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, जितके गुण मिळायचे तितके मिळतात, पण त्या गुणांत कोणते कॉलेज हाती लागेल हे पुष्कळदा या दोन कामांवर ठरते.

खालील माहिती राज्यातील बी. ई. आणि बी. टेक. प्रवेशांविषयी आहे. आयआयटी आणि एनआयटीची प्रक्रिया वेगळी असते. कॅपच्या तारखा आणि काही तपशील दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या, छापून घ्या आणि घरातील निदान दोघांनी ती पूर्ण वाचा.

१. आधी चौकट समजून घ्या

ही सर्व प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल राबवतो. अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्यावा लागतो. पेपर २०० गुणांचा असतो. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या ५०-५० प्रश्नांना प्रत्येकी १ गुण असतो. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर येतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. बारावीतही विहित विषयांत किमान ४५ टक्के, तर राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना किमान ४० टक्के गुण लागतात. सीईटीच्या नादात बोर्डाच्या परीक्षेकडे पाठ फिरवणाऱ्या मुलांना ही अट वेळीच सांगायला हवी.

निकाल पर्सेंटाईलमध्ये लागतो. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाईल याचा अर्थ परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद जण आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे आहेत. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्यामुळे सर्वांना एका पातळीवर आणण्यासाठी ही पद्धत वापरतात. घरातील वडीलधाऱ्यांना हा फरक निकालाआधीच समजावून सांगावा. आमच्याकडे तो सांगायचा राहिला आणि निकालाच्या दिवशी आजोबांनी पर्सेंटाईलचा आकडा टक्के समजून सगळ्यांना फोन केले. त्यानंतर प्रत्येकाला खुलासा करत बसण्याचा त्रास मुलीला झाला.

खासगी विनाअनुदानित कॉलेजांत काही जागा जेईई मेनच्या गुणांवर अखिल भारतीय स्तरावर भरतात, आणि २० टक्के जागा संस्था स्तरावर, म्हणजे बोलीभाषेत मॅनेजमेंट कोट्यातून भरल्या जातात. हा लेख कॅपच्या जागांविषयी आहे.

२. कागदपत्रे अकरावीतच हातात घ्या

सर्वांना लागणारी कागदपत्रे अशी आहेत : दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, सीईटीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, भारतीय नागरिकत्वाचा पुरावा आणि अधिवास प्रमाणपत्र. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ असे लिहिलेले असेल, तर नागरिकत्वासाठी तेवढे पुरते. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या मुलाचे जन्मस्थळ महाराष्ट्रात असल्याचा पुरावा असेल, तर अधिवास प्रमाणपत्रावाचून काम भागू शकते. तरीही ते काढून ठेवावे असे माझे मत आहे, कारण ते एकदाच काढावे लागते आणि पुढेही उपयोगी पडते. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. जून-जुलैमध्ये सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात. दिवाळीच्या सुटीत हे काम निवांत होते.

राखीव प्रवर्गातून अर्ज करायचा असेल, तर जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, ही दोन्ही लागतात. अनुसूचित जाती आणि जमाती वगळता इतर मागास प्रवर्गांना, विमुक्त जाती व भटक्या जमातींना आणि एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणाच्या प्रवर्गातील उमेदवारांना नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रही लागते. ते ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश आहे, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे. म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेले प्रमाणपत्र हवे होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र राज्याच्या विहित नमुन्यातच लागते. जेईईसाठी काढलेले केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र कॅपला चालत नाही. हे नमुने माहिती पुस्तिकेच्या शेवटी छापलेले असतात; सेतू केंद्रात जाताना त्यांची प्रत बरोबर ठेवा.

या सर्वांत जास्त वेळ व्हॅलिडिटीला लागतो. बारावी विज्ञानात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज कॉलेजच्या शिफारसपत्रासह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. त्यासाठी वडिलांकडील नात्यातील जुने पुरावे लागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीचा उतारा हा त्यातला सर्वांत उपयोगी पुरावा. गावच्या जुन्या शाळेत जाऊन तो मिळवायला एक दिवस पुरत नाही. वडिलांच्या, सख्ख्या काकांच्या किंवा आत्याच्या नावे आधीच व्हॅलिडिटी असेल, तर काम बरेच सोपे होते. म्हणून भावकीत आधी विचारपूस करा.

आमचा अर्ज बारावीच्या जुलैमध्ये गेला आणि तरीही तो वेळेवर झाला असे मी म्हणणार नाही. मुलीच्या दाखल्यावरील आडनाव आणि आजोबांच्या शालेय नोंदीतील आडनाव यांत एका वेलांटीचा फरक होता. त्यावर त्रुटी निघाली, दोन्ही नावे एकाच कुटुंबाची असल्याचे शपथपत्र द्यावे लागले आणि त्यात दीड महिना गेला. म्हणून अर्जाआधी एका संध्याकाळी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरील नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. फरक असेल तर दुरुस्ती आत्ताच सुरू करा.

प्रवेशाच्या वेळी व्हॅलिडिटी हातात नसेल, तर काही वर्षी अर्जाची पावती स्वीकारून मुदत देण्यात आली होती. अशी मुदत मिळेलच असे गृहीत धरू नका. मुदतीत प्रमाणपत्र सादर झाले नाही, तर राखीव प्रवर्गाचा दावा जातो आणि मुलाचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. कधी कधी हाती आलेली जागाच त्यामुळे सुटते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो शुल्क सवलतींसाठी सर्वच प्रवर्गांना उपयोगी पडतो.

३. सीईटीचा अर्ज भरताना

या अर्जात लिहिलेले नाव आणि प्रवर्ग पुढे कॅपच्या नोंदणीत येतात. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसे आहे तसेच लिहा. मोबाइल क्रमांक आणि ईमेल पालकांचा किंवा मुलाचा, पण घरातलाच द्या. सायबर कॅफेतून अर्ज भरलात, तरी कॅफेवाल्याचा क्रमांक देऊ नका आणि पासवर्ड त्याच्याकडे ठेवू नका, कारण पुढे प्रत्येक टप्प्याला ओटीपी त्याच क्रमांकावर येतो.

४. निकालाआधीच घरात बोलणे करून घ्या

परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत जे आठवडे मिळतात, त्यांचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे मुलाशी शांतपणे बोलणे. निकालानंतर घराचे वातावरण बदलते, नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि सतरा-अठरा वर्षांचे मूल एक तर गप्प होते किंवा सगळ्यालाच हो म्हणू लागते. तेव्हा घेतलेला निर्णय त्याचा स्वतःचा असत नाही.

तीन गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात. पहिली पैशांची : वर्षाला किती शुल्क आणि वसतिगृहाचा किती खर्च पेलता येईल हे आकड्यांत सांगा. मुलांना पैशांचे सांगू नये असे अनेक पालकांना वाटते, पण ती मर्यादा ऑप्शन फॉर्म भरल्यानंतर कळणे मुलाला अधिक लागते. दुसरी अंतराची : घर सोडून राहायची मुलाची तयारी आहे का, आणि पाठवायची पालकांची आहे का? मुलींच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळ घरांत शेवटच्या क्षणी निघतो आणि चांगली जागा सुटते. तिसरी गोष्ट शाखेची, म्हणजे ब्रांचची.

शाखेसाठी आम्हाला एक साधी युक्ती उपयोगी पडली. विद्यापीठांच्या आणि स्वायत्त कॉलेजांच्या संकेतस्थळांवर अभ्यासक्रम उघडपणे दिलेले असतात. पहिले वर्ष बहुतेक शाखांना जवळजवळ सारखे असल्यामुळे त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या वर्षाचे विषय पाहावेत. संगणक शाखेत डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स येते, इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेत सर्किट्स आणि सिग्नल्स येतात, यंत्र शाखेत थर्मोडायनॅमिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स येते. आमच्या मुलीने प्रत्येक विषयाचे पहिले दोन-तीन धडे ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांत चाळले आणि आठवड्याभरात आपल्याला सर्किट्स आवडतात हे तिने स्वतः सांगितले. तोपर्यंत सगळे तिला संगणक शाखाच घे म्हणत होते आणि तीही तेच म्हणत होती.

५. कॅपची नोंदणी आणि कागदपत्रांची तपासणी

आमच्या वर्षी नोंदणी जूनच्या अखेरीस सुरू झाली. सीईटी दिली म्हणजे कॅपमध्ये नाव आले, असे होत नाही. ही नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिचे शुल्कही वेगळे भरावे लागते. अर्ज भरून कागदपत्रांच्या स्कॅन प्रती चढवायच्या आणि त्यांची तपासणी ई-स्क्रुटिनीने करायची की सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन करायची, हे निवडायचे असते. कागद सरळ आणि पूर्ण असतील, तर ई-स्क्रुटिनी सोयीची आहे. नावात बदल, अंतरिम दाखले, वेगळ्या बोर्डाची गुणपत्रिका अशी काही गुंतागुंत असेल, तर सुविधा केंद्र गाठावे, कारण तेथे समोरासमोर विचारता येते.

ई-स्क्रुटिनी निवडल्यावर रोज लॉग-इन करून अर्जाची स्थिती पाहा. त्रुटी निघाल्यास अर्ज शेऱ्यासह परत येतो आणि तो दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवला नाही, तर नाव गुणवत्ता यादीत येत नाही. अर्ज ‘सबमिट’ झाला एवढ्यावर निर्धास्त राहणारी घरे मी पाहिली आहेत. तपासणी पूर्ण होऊन अर्ज निश्चित झाल्याची पावती हाती येईपर्यंत काम झाले असे समजू नका.

त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तीत प्रवर्ग, लिंग, उमेदवारीचा प्रकार (दहावी-बारावी कोठून झाली आणि अधिवास कोठला यांवरून ठरणारा), बारावीचे गुण आणि होम युनिव्हर्सिटी तपासून घ्या. हरकत नोंदवायला दोन-चार दिवसच मिळतात आणि अंतिम यादी लागल्यावर दुरुस्तीचा मार्ग जवळजवळ बंद होतो.

होम युनिव्हर्सिटी म्हणजे ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील कॉलेजांत आपला विचार तेथल्या मुलांसाठीच्या वेगळ्या जागांवर होतो ते विद्यापीठ. तिच्याविषयी अनेकांचा गैरसमज आहे. दहावी-बारावी राज्यातूनच झालेल्या मुलांची होम युनिव्हर्सिटी राहत्या घरावरून ठरत नाही, तर बारावी ज्या कॉलेजातून झाली त्यावरून ठरते. नाशिकच्या मुलाने लातूरला राहून बारावी केली, तर त्याची होम युनिव्हर्सिटी पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ राहत नाही, ती नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होते. अकरावीला बाहेरगावी पाठवण्याचा निर्णय घेताना हे माहीत असले पाहिजे.

६. कट-ऑफ वाचायला शिका

सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक फेरीचा कट-ऑफ प्रसिद्ध करतो. त्या पानांवरील संक्षेप पाहून आम्ही प्रथम गोंधळलो, पण त्यांची रचना सोपी आहे. सुरुवातीचे ‘जी’ म्हणजे सर्वांसाठीची जागा आणि ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मधला भाग प्रवर्ग सांगतो, उदाहरणार्थ ओपन, ओबीसी, एससी. शेवटी ‘एच’ असेल तर होम युनिव्हर्सिटीची जागा, ‘ओ’ असेल तर त्याबाहेरच्यांची आणि ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय. म्हणजे ‘एल-ओबीसी-एच’ ही होम युनिव्हर्सिटीतील इतर मागास वर्गाच्या मुलींसाठीची जागा झाली. मुलींचा विचार ‘जी’ आणि ‘एल’ दोन्हींसाठी होतो, आणि राखीव प्रवर्गातील मुलांचा विचार खुल्या जागांसाठीही गुणवत्तेनुसार होतो. आपल्याला लागू असलेले सगळे रकाने पाहून त्यांतील सर्वांत सैल कट-ऑफ धरावा.

प्रत्येक कट-ऑफजवळ दोन आकडे असतात : गुणवत्ता क्रमांक आणि पर्सेंटाईल. बहुतेक जण फक्त पर्सेंटाईल पाहतात. जागावाटप मात्र राज्य गुणवत्ता क्रमांकाने होते, आणि परीक्षार्थींची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाईलला क्रमांक बराच मागे जातो. म्हणून आपला या वर्षीचा क्रमांक मागच्या वर्षीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. शिवाय पहिल्या फेरीचाच कट-ऑफ पाहून आशा सोडू नका. शेवटच्या फेरीपर्यंत तो कुठपर्यंत खाली आला हेही बघा.

७. ऑप्शन फॉर्म : येथे वेळ द्या

कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय होतो आणि त्याला स्वतंत्र चॉईस कोड असतो. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय देता येतात. संगणक मुलाचा गुणवत्ता क्रमांक आला की त्याच्या यादीत वरून खाली पाहत जातो आणि जी पहिली जागा उपलब्ध असेल ती देतो. यावरून एक गोष्ट निघते : कट-ऑफ आपल्या आवाक्याबाहेरचा वाटत असलेले कॉलेज वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. ‘मिळणारच नाही, मग कशाला लिहायचे’ म्हणून हवे असलेले कॉलेज गाळू नका, आणि ‘हे नक्की मिळेल’ म्हणून नको असलेले वर घेऊ नका.

क्रमाला आणखी एका कारणाने वजन आले आहे, आणि ते म्हणजे ऑटो फ्रीज. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होत असे. अशी जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर पुढच्या कॅप फेऱ्यांत विचार होत नसे. म्हणजे वरचे सहा पर्याय असे हवेत, की त्यांतला कोणताही मिळाला तर त्या दिवशी घरात आनंदच व्हावा.

आम्हाला पहिल्या फेरीत अकरावा पर्याय लागला. दुसऱ्या फेरीच्या आधी माझ्या दिरांनी, अगदी आपुलकीने, एका लांबच्या कॉलेजची संगणक शाखा तिसऱ्या क्रमांकावर घालायला सांगितले. नाही आवडली तर पुढच्या फेरीत बदलता येईल असे त्यांना वाटत होते. नियमाप्रमाणे ती मिळाली असती तर तेथेच पक्की झाली असती. मुलीने तिसऱ्या जागी इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचारच ठेवले, तेच तिला मिळाले आणि तेथेच ते पक्के झाले. आज ती त्याच शाखेत शिकते आहे.

यादी करण्याची आमची पद्धत अशी होती. मुलीने प्रथम एकटीने, कट-ऑफ न पाहता, मनातला क्रम लिहिला. आम्ही दोघांनी आमचा वेगळा लिहिला. मग तिन्ही याद्या शेजारी ठेवून जेथे फरक होता तेवढ्यावरच बोललो. अडलेल्या ठिकाणी शेवटचा शब्द तिचा, पण पैशांची आणि अंतराची ठरलेली मर्यादा ओलांडायची नाही, एवढाच नियम होता. या कामाला तीन संध्याकाळी लागल्या आणि यादी ४२ पर्यायांची झाली. त्यांतले शेवटचे दहा आमच्या क्रमांकाला निश्चित मिळतील असे होते. ते घालणे आवश्यक आहे, पण जेथे मुलाला प्रत्यक्षात शिकायचेच नाही असे कॉलेज संख्या भरण्यासाठी लिहू नये.

कॉलेजची माहिती काढताना जाहिरातीतील सर्वोच्च पॅकेजचा आकडा बाजूला ठेवा. त्याच शाखेतील किती मुलांना नोकरी लागली आणि मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे विचारा. शुल्क नियामक प्राधिकरणाने मान्य केलेले शुल्क त्यांच्या संकेतस्थळावर असते, तेच खरे धरा. शक्य असेल तर वरची पाच-सहा कॉलेजे प्रत्यक्ष पाहून या आणि फाटकाबाहेर चहा पीत असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला.

ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. या मंजूर जागांच्या ५ टक्के इतक्या अतिरिक्त जागा असतात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्यांना त्या मिळू शकतात आणि ट्यूशन शुल्क माफ होते. त्यांचा चॉईस कोड वेगळा असून शेवटी ‘टी’ असतो, म्हणून तो पर्याय स्वतंत्रपणे लिहावा लागतो. या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

फॉर्म भरून झाल्यावर छापून घ्या, एक रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोड मोठ्याने वाचून पडताळा आणि मगच निश्चित करा. फॉर्म केवळ जतन केला आणि निश्चित करायचा राहिला, तर त्या फेरीत जागा मिळत नाही. हे काम शेवटच्या दिवशी रात्रीपर्यंत लांबवू नका.

८. जागा लागल्यावर

जागा लागल्याचे पत्र लॉग-इनमध्ये दिसते. ती स्वीकारायची की नाही हे मुदतीत ठरवावे लागते. समाधान असेल तर फ्रीज करा. पुढे आणखी चांगली जागा मिळावी असे वाटत असेल, तर बेटरमेंट निवडा. दोन्ही वेळी आधी जागा स्वीकारून १,००० रुपयांचे स्वीकृती शुल्क भरावे लागते आणि ते एकदाच भरावे लागते. बेटरमेंट निवडणाऱ्यांनी पुढील फेरीच्या फॉर्ममध्ये हातातल्या जागेपेक्षा खरोखर जास्त हवे असलेले पर्यायच लिहावेत, कारण नवी जागा मिळाली की जुनी आपोआप जाते.

या दिवसांत फोन येऊ लागतात. ‘अमुक कॉलेजात जागा करून देतो, आज रात्रीपर्यंत पैसे भरा’ असे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. कॅपची जागा फक्त लॉग-इनमधून मिळते. संस्था स्तरावरील जागांसाठीही कॉलेज स्वतः जाहिरात देते आणि गुणवत्ता यादी लावते.

९. शुल्क सवलती

ट्यूशन शुल्कात सवलत देणाऱ्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरतात. खुल्या प्रवर्गातील, ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मे ट्यूशन शुल्क मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास वर्गातील, त्याच उत्पन्न मर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. विकास शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च मात्र भरावाच लागतो, आणि ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढेच ऐकून गेलेल्या पालकांची खिडकीवर अडचण होते.

मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला या योजना लागू होत नाहीत. प्रवेश कॅपमधूनच हवा. तेव्हा कॅपमध्ये थोडे दूरचे कॉलेज मिळत असताना जवळच्या कॉलेजची कोट्यातील जागा घेण्याआधी चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे आणि अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.

१०. कॉलेजमध्ये हजर होताना

फ्रीज झाल्यावर दिलेल्या मुदतीत कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन मूळ कागदपत्रे दाखवावी लागतात आणि शुल्क भरावे लागते. त्याआधी प्रत्येक कागदाचे स्कॅन करून ठेवा आणि चार-पाच छायाप्रती काढा, कारण मूळ दाखला एकदा जमा झाला की लवकर परत मिळत नाही. कॉलेजने प्रवेश प्रणालीत नोंदवला आहे हे तेथेच, खिडकीसमोर उभे असताना, आपल्या लॉग-इनमध्ये पाहून घ्या आणि पावतीची प्रत घेऊनच निघा. पुढे अन्य ठिकाणी प्रवेश मिळाल्यास कॅपच्या शेवटच्या तारखेपूर्वी रद्द केलेल्या प्रवेशाचे शुल्क १,००० रुपये वजा होऊन परत मिळते. त्या तारखेनंतर फक्त अनामत रक्कम मिळते. ही तारीख पावतीच्या मागेच लिहून ठेवा.